तेल कधी बदलायचं, हे ठरवतं कोण?



शक्तिमान ट्रकवरचा भाग पाहून बेळगावच्या एका प्रेक्षकांनी प्रश्न पाठवला आहे. त्यांची गाडी नवी आहे. डॅशबोर्डवर 'ऑइल लाइफ ४० टक्के' असं दिसतं. कोपऱ्यावरचा मिस्त्री पट्टी ओढून दाखवतो आणि म्हणतो, "साहेब, काळंकुट्ट झालंय, आजच बदला." सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "दहा हजारावर या किंवा वर्षाने या, मध्ये काही बघू नका." प्रेक्षकांचं विचारणं एवढंच, की तिघांपैकी खरं कोण?

प्रश्न मला आवडला, कारण यातले तिघेही तीन वेगवेगळ्या काळांतून आलेले आहेत. सर्व्हिस सेंटर बोलतं ते जुन्या लष्करी पद्धतीने: हुकूम, तारीख, किलोमीटर. मिस्त्री तेलाकडे बघून निकाल देतो. ही रेल्वेच्या प्रयोगशाळेची वाट, फक्त त्याच्याकडे प्रयोगशाळा नाही. डॅशबोर्डवरचा आकडा या दोघांनंतर आला आणि तो ना तारीख बघतो ना तेल. मग तो काय बघतो? आजचा भाग त्यावरच आहे. पण तिथे पोचायला जबलपूरवरून जावं लागेल. मी इथेच राहतो, त्यामुळे बोलताना मध्ये हिंदी आली तर सांभाळून घ्या.

आधी तेलाचं बिघडतं काय ते बघू. इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे, त्यात बरीच रसायनं मिसळलेली असतात. एक काजळीचे कण सुटे धरून ठेवतं, एक आम्ल मारतं, एक धातूवर पातळ थर देऊन झीज अडवतं, एक तेलाला हवेतल्या ऑक्सिजनपासून वाचवतं. मूळ तेल बराच काळ टिकतं, पण ही रसायनं खर्च होत जातात. शिवाय वरून चेंबरमध्ये नको ते उतरत राहतं: न जळलेलं इंधन, पाणी, काजळी, धूळ, धातूचा कीस. आणि उष्णता. तेल जितकं तापेल तितकं लवकर ते ऑक्सिजनशी संयोग पावतं. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा, की दर १० अंश सेल्सिअसला हा वेग साधारण दुप्पट होतो.

आता काळ्या रंगाचं. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांमध्ये पिस्टनच्या रिंगा चिकटून बसायला लागल्या. साध्या तेलात काजळी आणि डिंकासारखा थर रिंगांच्या खाचांत जमायचा. त्यावर उपाय म्हणून तेलात साफ करणारं रसायन, म्हणजे डिटर्जंट, घालायला सुरुवात झाली. तेव्हापासून चांगलं डिझेल ऑइल काळं पडणारच. काजळी इंजिनाच्या भिंतीवर न बसता तेलात तरंगते, हेच तर त्याचं काम. आमच्या फौजेत तेलाच्या डब्यावर 'ओएमडी' लिहिलेलं असे, म्हणजे डिटर्जंट घातलेलं खनिज तेल. नवा रिक्रूट ड्रायव्हर पहिल्यांदा पट्टी काढून घाबरायचा. उस्ताद त्याला सांगायचा, "कपडे धुतल्यावर बादलीतलं पाणी काळं झालं, म्हणजे साबण चांगला होता." डिझेल गाडीचं तेल बदलल्यानंतर थोड्याच दिवसांत काळं दिसतं. त्यामुळे बेळगावच्या मिस्त्रीचा पुरावा, निदान तेवढा एकच पुरावा, मी ग्राह्य धरणार नाही.

आता जबलपूर. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मंडळींना हे शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे माहीत असतं. पण १९०४ मध्ये इथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली आणि १९५९ मध्ये त्याच कारखान्यातून जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बाहेर पडू लागला. तेव्हा कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते. काम वाढलं तशी १९६९ मध्ये रांझीच्या बाजूला व्हेइकल फॅक्टरी निघाली. तिथे शक्तिमान, निस्सानचा एक टनी ट्रक आणि जोंगा या गाड्या बनत. जोंगा हा शब्द जपानी वाटतो, पण तो आमचाच: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. पुढे अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा एलपीटीए तिथे तयार होऊ लागले. २०२१ पासून हा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगमाखाली आहे. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे या कारखान्यांच्या क्वार्टर्समध्ये विदर्भातली मराठी पूर्वीपासून ऐकू येते.

या गाड्या फौजेत गेल्यावर त्यांचं तेल कधी बदलायचं हे कोण ठरवत असे? कागद. इतके किलोमीटर किंवा इतके महिने, यातलं जे आधी येईल ते. ही शिस्त इंग्रजांच्या काळातली. आमची ईएमई, म्हणजे लष्कराची यांत्रिकी कोअर, १९४३ ची, ऐन दुसऱ्या महायुद्धात उभी राहिलेली. गाडी सुरू करण्याआधी फर्स्ट पॅरेड, वाटेत थांबली की हॉल्ट पॅरेड, परत आली की लास्ट पॅरेड. प्रत्येक पॅरेडमध्ये तेलाची पट्टी बघायची ती पातळीसाठी. तेल चांगलं की वाईट हा निर्णय ड्रायव्हरच्या हातात दिलेला नव्हता. तो कार डायरी आणि सर्व्हिसिंगच्या तक्त्याच्या हातात होता.

नागरी मित्र यावर हसतात. चांगलं तेल फेकून देता म्हणतात. देत होतो, यात शंका नाही. पण परिस्थिती बघा. गाड्या हजारोंनी, राजस्थानपासून लडाखपर्यंत पसरलेल्या. ड्रायव्हर वीस-बावीस वर्षांचा पोरगा, दर दोन-तीन वर्षांनी बदलणारा. जवळपास प्रयोगशाळा नाही. अशा ठिकाणी नियम असा हवा की तो झोपेतही पाळता येईल. सर्वांत वाईट हाल सोसणाऱ्या गाडीचा हिशेब धरून आकडा ठरवायचा आणि तो सगळ्यांना लावायचा. नव्वद गाड्यांचं तेल लवकर बदललं गेलं तरी चालेल, पण उरलेल्या दहा रात्री खिंडीत बंद पडता कामा नयेत. तेलाचा डबा स्वस्त, अडकलेला काफिला महाग. माझ्या मते फौजेसाठी हा हिशेब बरोबर होता आणि बऱ्याच ठिकाणी आजही आहे.

त्यात एक मोठं भोक मात्र होतं. किलोमीटर.

मी ज्या युनिटांत होतो तिथे सिग्नलच्या गाड्या असत. उंचावरच्या ठाण्यावर गाडी जागेवर उभी राहून बॅटऱ्या चार्ज करते. समजा, रोज दोन तास इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर चाललं. तासाला ३६,००० फेरे, महिन्याच्या ६० तासांचे २१ लाख ६० हजार. तोच ट्रक काफिल्यात ताशी ४० किलोमीटरने आणि मिनिटाला १,८०० फेऱ्यांनी चालला, तर एका किलोमीटरला २,७०० फेरे पडतात. म्हणजे उभ्या गाडीने महिन्याला ८०० किलोमीटरची मजुरी केली आणि कार डायरीत लिहिलं शून्य. वर थंडी अशी की इंजिन नीट तापतही नाही. तक्त्यातल्या महिन्यांच्या अटीमुळे तेल बदललं जायचं, पण ती अट बरॅकमध्ये झाकून ठेवलेल्या ट्रकलाही तीच आणि या सिग्नलच्या गाडीलाही तीच. चांगला एमटी हवालदार हे जाणून असे आणि अशा गाड्यांचं तेल मागणी करून आधीच बदलून घेई. कुणी किती सोसलंय हे त्याच्या डोक्यात असायचं. तो बदली होऊन गेला की ते ज्ञान त्याच्याबरोबर जायचं.

रेल्वेची गोष्ट वेगळी. जबलपूरपासून नव्वद-एक किलोमीटरवर न्यू कटनीचं डिझेल शेड आहे, दुसऱ्या बाजूला इटारसीचं. डिझेल इंजिन एक, पण त्याच्या पोटात तेल शेकडो लिटर. एवढं तेल तारीख आली म्हणून ओतून द्यायला कुणाला परवडणार? आणि इंजिन रोज ना उद्या शेडमध्ये परत येतंच. म्हणून तिथे तेलालाच विचारायची पद्धत रुजली. साधी परीक्षा टीपकागदाची: तेलाचा थेंब कागदावर टाकायचा आणि पसरू द्यायचा. मधला काळा डाग घट्ट बसून राहिला तर काजळी धरून ठेवण्याची ताकद संपली. डाग एकसारखा पसरत गेला तर तेलात अजून दम आहे. दाटपणा मोजायचा, पाणी आहे का बघायचं, आम्ल मारण्याची ताकद किती उरली ते तपासायचं.

आणि मग स्पेक्ट्रोग्राफ. तेलाचा नमुना प्रखर ठिणगीत जाळला की त्यातला प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश देतो. कुठला धातू किती, हे दहा लाखांत काही भाग इतक्या बारकाईने कळतं. लोखंड वाढलं तर लायनर किंवा रिंगा, अ‍ॅल्युमिनियम वाढलं तर पिस्टन, तांबं आणि शिसं वाढलं तर बेअरिंगकडे बघा. सिलिकॉन म्हणजे धूळ, एअर फिल्टर तपासा. थंड करायच्या पाण्यातली रसायनं तेलात सापडली तर पाणी कुठून तरी झिरपतंय. इंजिन न उघडता त्याच्या पोटातलं कळायचं. ही कल्पनाही रेल्वेतूनच आली. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वे कंपनीच्या प्रयोगशाळेने १९४० च्या दशकात डिझेल इंजिनांच्या तेलावर हे सुरू केलं. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या नौदलाने ते विमानांच्या इंजिनांसाठी उचललं. हवाई दलांत या कार्यक्रमाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द होतो 'सोप'. उस्तादाचा साबण इथेही आलाच.

या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात घ्या. तेल तपासताना रेल्वे एकाच आकड्यावर फारसा विश्वास ठेवत नाही. याच इंजिनाचा मागचा आकडा काय होता आणि त्याआधीचा काय, हे बघते. तांबं किती आहे यापेक्षा ते अचानक वाढलं का, हा प्रश्न मोठा.

मग हे घरच्या गाडीला का लावायचं नाही? कारण चार लिटर तेलाची तपासणी त्या तेलाच्या किमतीच्या आसपास जाते. मोटारीला प्रयोगशाळा परवडत नाही आणि किलोमीटरचा तक्ता अन्याय करतो, हा पेच होता.

तो सोडवला जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातल्या रसायनतज्ज्ञ डॉ. शर्ली श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी डोनाल्ड स्मोलेन्स्की यांनी. १९८७ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि १९८८ च्या मॉडेलांपासून काही ओल्ड्समोबिल गाड्यांत ही योजना बसवली गेली. श्वार्ट्झबाईंना पुढे मिशिगन राज्याच्या विमेन्स हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला. आपल्याकडे मोटारींच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतो आहे.

त्यांनी केलं ते असं. गाड्या वेगवेगळ्या प्रकारे चालवल्या: लांबचा सरळ महामार्ग, कडक उन्हात ओझं ओढत, शहरात थांबत-थांबत, आणि हिवाळ्यात अगदी छोट्या फेऱ्या, ज्यात इंजिन तापायच्या आतच बंद होतं. दर थोड्या अंतरावर तेलाचे नमुने काढून प्रयोगशाळेत तपासले. म्हणजे रेल्वेचीच पद्धत, पण एकदाच, कारखान्यात. मग शोधलं, की गाडीवर सहज मोजता येतील अशा कुठल्या गोष्टींवरून तेलाची ही अवस्था सांगता येईल. हाती दोन गोष्टी लागल्या: इंजिनाचे फेरे आणि तेलाचं तापमान.

गणित इतकं साधं आहे की आमचा एमटी हवालदारही ते बोटांवर करेल. नव्या तेलाच्या खात्यात फेऱ्यांची एक ठराविक रक्कम जमा करायची. इंजिन फिरेल तसतशी ती वजा करत जायची. पण प्रत्येक फेरा सारख्या किमतीचा नाही. इंजिन नीट तापलेलं असेल, तेल साधारण शंभर अंशांच्या आसपास, तर एक फेरा म्हणजे एकच फेरा. तेल फार तापलं तर ऑक्सिडेशन जोरात, म्हणून एका फेऱ्याचे दीड, दोन, तीन धरायचे. तेल थंड असेल तरीही दंड. हे अनेकांना पटत नाही. थंड तेल बिघडेल कसं? पण थंड इंजिनाला इंधन जास्त लागतं, त्यातलं काही न जळता भिंतीवरून खाली उतरतं. जळण्यातून झालेली पाण्याची वाफही थंड चेंबरमध्ये पाणी होऊन बसते. लांब पल्ल्यावर तेल तापलं की दोन्ही उडून जातात. छोट्या फेऱ्यांत ती तिथेच राहतात, आम्ल आणि गाळ तयार करतात. म्हणून दोन्ही टोकांना दंड आणि मधल्या तापमानाला सूट. डॅशबोर्डवरचे १०० टक्के म्हणजे भरलेलं खातं. पुढच्या काही गाड्यांत तर तेलाचं तापमानही वेगळं मोजत नाहीत. थंड पाण्याचं तापमान आणि इंजिनावरचा भार यांवरून ते अंदाजाने काढतात.

म्हणजे काय, लक्षात आलं का? 'ऑइल लाइफ' दाखवणाऱ्या अशा गाडीला तेल दिसत नाही. ते काळं आहे की पिवळं, घट्ट की पातळ, तिला ठाऊक नाही. तिला फक्त हे ठाऊक आहे की तेल बदललं त्या दिवसापासून इंजिनाने काय सोसलं. किलोमीटरचा तक्ता जे विसरत होता आणि हवालदार जे डोक्यात ठेवत होता, ते आता एका चिपमध्ये राहतं आणि त्याची बदली होत नाही. माझी सिग्नलची गाडी जनरल मोटर्सच्या हिशेबात लपली नसती.

जर्मन लोक आपल्या वाटेने गेले. बीएमडब्ल्यूने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच डॅशबोर्डवर दिव्यांची रांग दिली होती. हिरवे दिवे एकेक करून विझत जायचे, मग पिवळा, मग लाल. पुढे त्यांनी जळलेल्या इंधनावरून हिशेब धरला. कल्पना सोपी आणि मला वाटतं हुशारीची: इंजिनाने जितकं डिझेल खाल्लं तितकं काम केलं. मर्सिडीजने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात एक पाऊल पुढे टाकलं आणि चेंबरमध्ये तेलाचा विद्युत गुणधर्म मोजणारा सेन्सर बसवला. स्वच्छ तेलाचा हा आकडा दोनच्या थोडा वर असतो, पाण्याचा ऐंशीच्या आसपास. तेल जुनं झालं, त्यात पाणी किंवा काजळी आली, की आकडा हलतो. ही तेलालाच विचारायची पद्धत. पण असा सेन्सर महाग, आणि आकडा हलला तरी तो काजळीमुळे की पाण्यामुळे हे तो स्वतः सांगू शकत नाही. म्हणून सेन्सर असला तरी मागे गणित लागतंच.

आता आपल्या देशाकडे या. हे गणित जिथे मांडलं गेलं तिथलं इंधन आणि आपलं इंधन यांत पूर्वी फार फरक होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असे. जळल्यावर त्याचं गंधकाम्ल व्हायचं, आणि तेलातली आम्ल मारणारी ताकद त्यातच खर्ची पडायची. आपल्या जुन्या ट्रकांचं तेल लवकर बदलत होतं त्याचं हे एक मोठं कारण. आज बीएस-६ मध्ये गंधक दहा लाखांत दहा भाग आहे, म्हणजे त्या काळाच्या हजारावा हिस्सा. मोठ्या ट्रकांच्या कंपन्या आता ऐंशी हजार, लाख किलोमीटरच्या ऑइल चेंजची भाषा करतात. त्यामागे चांगलं तेल आहे, मोठं चेंबर आहे आणि हे स्वच्छ डिझेलही आहे. आजोबांचा तीन हजार किलोमीटरचा नियम त्यांच्या काळात खराच होता. तो आजच्या गाडीला लावू नका.

पण बीएस-६ ने एक नवी भानगड आणली. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत धुराच्या नळीत काजळीची जाळी असते. ती भरली की गाडी तिला तापवून आतली काजळी जाळते. त्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सिलिंडरमध्ये उशिरा सोडतात. त्यातलं थोडं रिंगांवरून खाली चेंबरमध्ये जातं. महामार्गावर हे काम एका दमात उरकतं. गावात फिरणाऱ्या गाडीत ते अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा अर्धवट. तेल पातळ होत जातं आणि पट्टीवर पातळी चढते. पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नका, ते डिझेल आहे. ज्या गाड्यांत चांगली यंत्रणा आहे ती जाळी किती वेळा साफ झाली, किती वेळा अर्धवट राहिली, याचाही हिशेब ठेवते.

जबलपूरचा हिशेब मांडून बघू. इथून नागपूर सुमारे २७० किलोमीटर, रस्ता चांगला. गाडी ताशी ८० ने आणि मिनिटाला २,००० फेऱ्यांनी गेली तर एका किलोमीटरला १,५०० फेरे, एकूण ४ लाख ५ हजार. आता नेपियर टाउनहून सदरला भाजी आणायला जा. तीन-चार किलोमीटर, सिग्नल, गर्दी, सरासरी ताशी २० आणि फेरे १,५००. किलोमीटरला ४,५०० फेरे पडले. म्हणजे तेच २७० किलोमीटर गावात केले तर फेरे १२ लाखांच्या वर, महामार्गाच्या तिप्पट. वर जानेवारीच्या सकाळी इंजिन तापायच्या आत सदर येतं, म्हणून थंडीचा दंड वेगळा. तक्त्याच्या दृष्टीने दोन्ही गाड्या सारख्याच चालल्या. निवृत्त माणसं मला सांगतात, "कर्नल साहेब, माझी गाडी वर्षात तीन हजारच चालते, ऑइल कशाला बदलू?" त्या तीन हजारांत नागपूर किती आणि सदर किती, हे मी विचारतो.

आता या आकड्याला काय कळत नाही ते सांगतो, कारण इंजिनं मरतात ती तिथे. धूळ त्याला कळत नाही. फेरे आणि तापमान यांच्या हिशेबात धुळीसाठी जागाच नाही, आणि आपल्याकडे खाणीच्या, वाळूच्या, कच्च्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाड्या कमी नाहीत. फिल्टर फाटला तर सिलिकॉन आत जातं, बेअरिंग खातं, आणि डॅशबोर्ड शांतपणे ५५ टक्के दाखवत राहतो. तेल कुठलं घातलं हेही त्याला कळत नाही. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं तेल आहे असं धरूनच ती रक्कम खात्यात जमा झालेली असते. स्वस्त तेल घातलं तर तो अर्ध्या किमतीच्या नोटेवर पूर्ण रक्कम लिहिण्याचा प्रकार. तेल जळून किंवा गळून कमी झालं तरी अनेक गाड्यांना ते या आकड्यात दिसत नाही. टक्केवारी तेलाच्या अवस्थेची असते, पातळीची नसते. ऑइल लाइफ ६० टक्के आणि चेंबर रिकामं, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

आणि रीसेट. तेल बदलल्यावर कुणीतरी बटण दाबून खातं पुन्हा भरावं लागतं. माझ्या एका शेजाऱ्याच्या गाडीचं तेल एका गॅरेजमध्ये बदललं, पण रीसेट करायचं राहिलं. दोन महिन्यांत तेल बदलण्याची सूचना आली. त्यांनी बिचाऱ्यांनी पुन्हा पैसे भरले. तिथे नुकसान फक्त खिशाचं झालं. उलटा प्रकार घातक: तेल न बदलता नुसतं बटण दाबलं, तर जुन्या मेलेल्या तेलावर १०० टक्के लिहिलं जातं. ती चोरी गाडी पकडू शकत नाही. म्हणून सर्व्हिसिंग डोळ्यांसमोर करून घ्या, निदान जुना फिल्टर मागून घ्या. लष्करात सुट्या भागांची जुनी वस्तू परत दिल्याशिवाय नवी मिळत नसे. कंटाळवाणा नियम होता, पण अशाच चोरीसाठी होता.

बेळगावच्या प्रेक्षकांना आता सरळ उत्तर देतो. तुमच्या गाडीत खरी ऑइल लाइफ यंत्रणा आहे की नुसता किलोमीटर उलटा मोजणारा आकडा, हे आधी पुस्तिकेत बघा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत दुसरा प्रकार असतो आणि तो रंगीत पडद्यावरचा जुना तक्ताच. ओळखायची खूण सोपी आहे: महामार्गावर ५०० किलोमीटर आणि गावात ५०० किलोमीटर चालवल्यावर टक्केवारी सारखीच उतरली, तर ती गणित करत नाही. खरी यंत्रणा असेल आणि तेल योग्य दर्जाचं असेल, तर ४० टक्क्यांवर मिस्त्रीच्या सांगण्यावरून तेल बदलू नका. मात्र महिन्यातून दोनदा सकाळी थंड इंजिनावर, सपाट जागेवर पट्टी बघा. रंगासाठी नाही, पातळीसाठी. कमी झालं का, वाढलं का. आणि डिझेलचा वास येतो का, तेही. आणि सर्व्हिस सेंटरची वर्षाची अट पाळा. गाडी उभी असली तरी चेंबरमधलं पाणी आणि आम्ल आपलं काम करत राहतात. जनरल मोटर्सच्या पुस्तिकाही सांगतात, की आकडा काहीही दाखवो, वर्षातून एकदा तेल बदलाच.

पट्टी बघणं म्हणजे आमची फर्स्ट पॅरेड. ती अजून कुठल्याही पडद्याने रद्द केलेली नाही.

पुढच्या भागात जोंगाकडे वळू. तिच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला पेट्रोल किती लागायचं, यावर आमच्या मेसमध्ये जे विनोद चालत ते इथे सांगण्यासारखे आहेत का, हे मी तोवर ठरवतो. तुमच्या घरी जुन्या गाडीची लॉगबुकं असतील, तर त्यातली तेल बदलल्याची पानं फोटो काढून पाठवा.